छपरावरची पंचवीस वर्षं

पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर आणि अधूनमधून कोकण, अशा पट्ट्यात मी कारखान्यांच्या शेड, शीतगृहं, रुग्णालयं, शाळा, मंगल कार्यालयं यांच्या छपरांवर सौर संच बसवते. घराच्या गच्चीवर तीन-चार किलोवॅटचा संच बसतो. आमचं काम ५० किलोवॅटला सुरू होतं आणि कधी ५००-७०० पर्यंत जातं. पहिल्या भेटीत मालक विचारतात, "पॅनेल कुठल्या कंपनीचं बसवणार?" प्रश्न योग्य आहे, पण त्याचं उत्तर देणं सगळ्यांत सोपं. चांगल्या पॅनेलला वीजनिर्मितीची २५ वर्षांची हमी असते आणि त्यात बिघाड क्वचित होतो. संच नीट चालेल की रखडेल, हे ठरतं खालच्या पत्र्यावर, वीजबिलावर, तारांच्या जोडणीवर आणि छपरावर चढणाऱ्या माणसांवर. इतक्या वर्षांत मी जे शिकले ते बहुतेक या चार गोष्टींबद्दलच आहे.

१. आधी छपराचं वय विचारा

पॅनेल २५ वर्षं टिकणार असेल, तर त्याच्याखालचा पत्राही तितकाच टिकायला हवा. पंधरा वर्षांचा, स्क्रूभोवती गंज धरलेला पत्रा असेल तर मी मालकांना स्पष्ट सांगते, आधी पत्रे बदला. हा खर्च ऐकून काम दुसऱ्याकडे गेल्याचंही पाहिलं आहे. पण चार-पाच वर्षांनी पत्रा बदलायची वेळ आली की सगळी पॅनेलं उतरवायची, तारा सोडवायच्या, पत्रे बदलून पुन्हा तेच सगळं चढवायचं. मजुरी दुप्पट आणि तेवढे दिवस निर्मिती बंद.

सिमेंटच्या पत्र्याच्या जुन्या शेडवर तर मी पत्र्याला भोकच पाडू देत नाही. तो पत्रा उन्हापावसाने ठिसूळ झालेला असतो. आज तडा दिसत नाही, पहिल्या पावसात दिसतो.

रंगीत धातूचा पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर रेल बसवताना स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगटात नाही, कारण पाणी खोलगटातून वाहतं. रबरी वॉशर चेपून बाहेर येईल इतकंही आवळायचं नाही आणि सैलही सोडायचं नाही. हे ड्रिल मशिन धरणाऱ्या मुलाच्या मनगटावर असतं, म्हणून पहिल्या दिवशी मी त्याच्याजवळ बसते. कामाआधी शेडच्या आतून, मशिनांच्या वर बघत, पत्र्याच्या खालच्या बाजूचं चित्रीकरण मालकांच्या माणसासमोर करून ठेवते. जुन्या गळतीच्या खुणा तेव्हाच दिसतात. त्या आमच्या कामात आम्हीच बुजवतो, कारण एकदा पॅनेल बसलं की त्या जागी पुन्हा हात पोचत नाही.

स्लॅबची गच्ची असेल तर प्रश्न कोब्याचा. ब्रिकबॅट कोबा फोडून अँकर बोल्ट ठोकणं म्हणजे चांगलं वॉटरप्रूफिंग स्वतःच्या हाताने घालवणं. स्लॅबला तेवढं वजन पेलत असेल तर काँक्रीटचे ठोकळे कोब्यावर नुसते ठेवून त्यांना सांगाडा बांधावा. पेलतं की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी सांगावं. "बिल्डिंग मजबूत आहे हो मॅडम" हे पुरेसं नाही.

२. वजनापेक्षा वाऱ्याची काळजी करा

साधारण साडेपाचशे वॅटचं एक पॅनेल सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरहून थोडं कमी रुंद आणि २८ ते ३२ किलो वजनाचं असतं. सांगाड्यासकट हिशोब केला तरी पत्र्यावर चौरस मीटरला पंधरा किलोच्या आसपास भार येतो. मालकांना भीती वाटते ती या वजनाने शेड वाकेल याची. मला भीती वाटते ती पॅनेल वर उचललं जाण्याची.

वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ या मानकाचा तिसरा भाग वापरतात. त्यात पुणे आणि नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, मुंबईसाठी ४४ मीटर धरला आहे. म्हणजे ताशी १४० आणि १५८ किलोमीटरच्या आसपास. छपराच्या कडेला आणि कोपऱ्यात वारा सगळ्यांत जास्त ओढ घेतो. म्हणून कडेची पट्टी मोकळी सोडायची, मालक कितीही म्हणाले की "अजून एक ओळ बसेल की." ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा छपरं कशी उडतात ते सगळ्यांनी पाहिलं. देशावर चक्रीवादळ सहसा येत नाही, पण एप्रिल-मेचा वळीव येतो. दहा मिनिटांचा सोसाटा असतो. सैल राहिलेला एक क्लॅम्प त्याला पुरतो.

गच्ची जेवणासाठी किंवा पार्किंगसाठी मोकळी राहावी म्हणून सांगाडा आठ-दहा फूट उंच करा, अशी मागणी अलीकडे वाढली आहे. करता येतो. पण लोखंड, पाया आणि खर्च तिन्ही वाढतात, आणि त्या वाढीत काटछाट केली की धोका वाढतो. कोकणात यात खारा वारा मिसळतो. तिथे गरम जस्तात बुडवलेलं, ८० मायक्रॉनचा थर असलेलं लोखंडच घ्यावं आणि जागेवर वेल्डिंग करू नये. वेल्डिंगने जस्ताचा थर जळतो आणि गंज नेमका त्या सांध्यापासून सुरू होतो. सगळे भाग कारखान्यात भोकं पाडून, मग जस्त चढवून आणावेत आणि वर नुसते बोल्ट आवळावेत.

३. सावली डिसेंबरची धरा

पुण्यात १३ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो. त्या आठवड्यात कुणी छपराची पाहणी केली तर दुपारी पाण्याच्या टाकीची सावली टाकीच्या पायाशीच दिसेल. तीच टाकी डिसेंबरात वेगळी वागते. २१ डिसेंबरला पुण्यात भरदुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. पॅनेलच्या पातळीपेक्षा तीन मीटर उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेला पावणेतीन मीटर पडते, आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास ती वायव्येकडे पाच मीटरच्या पुढे जाते.

पॅनेलं एकामागे एक माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलच्या कोपऱ्यावरची सावली माळेतल्या इतरांचंही उत्पादन खाली ओढते. टाकी, लिफ्टची खोली, कठडा, मोबाइलचा टॉवर, सगळ्यांची उंची टेपने मोजून घ्यावी. शेजारचा रिकामा प्लॉट कुणाचा आहे आणि त्यावर काय होणार आहे, हेही विचारावं. माझ्या अनुभवात हा प्रश्न सर्वेक्षणात फार थोडे लोक विचारतात.

४. बारा महिन्यांची बिलं मांडल्याशिवाय आकडा सांगू नका

आपल्याकडे एक किलोवॅटचा संच वर्षाला १४०० ते १४५० युनिट देतो, म्हणजे दिवसाला सरासरी चार. मार्च-एप्रिलमध्ये हा आकडा पाचाच्या आसपास जातो, जुलै-ऑगस्टच्या झडीत तीनही गाठत नाही. एप्रिलचा आकडा दाखवून वर्षाचा हिशोब करणारे प्रस्ताव मी पाहिले आहेत. असा प्रस्ताव घेऊन कुणी आलं तर मालकांनी जुलैचा आकडा मागावा.

शिवाय ऊन आणि निर्मिती सरळ प्रमाणात चालत नाहीत. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात पत्र्यावरचं पॅनेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला सुमारे एक टक्क्याचा एक-तृतीयांश हिस्सा गमावतं. म्हणून पत्रा आणि पॅनेल यांच्यामध्ये वारा खेळेल इतकी जागा हवी.

मग येतो वापर. तासगावकडच्या बेदाण्याच्या शीतगृहाला उन्हाळ्यात भरपूर वीज लागते, त्याच वेळी ऊनही भरपूर असतं. हा जुळलेला ग्राहक. शाळेला नेमकी मे महिन्यात सुट्टी. मंगल कार्यालयाचा भार संध्याकाळी. भोसरी-पिंपरीकडे कारखाने गुरुवारी बंद, तेव्हा त्या दिवसाची वीज बाहेर जाणार. नेट मीटरिंगमध्ये ती वळती होते, पण महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९च्या विनियमांनुसार संच मंजूर भाराच्या मर्यादेत बसवावा लागतो. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांना वेगवेगळा दर असतो, आणि अलीकडच्या दररचनेत उन्हाच्या तासांतली वीज स्वस्त आणि संध्याकाळनंतरची महाग होत गेली आहे. तेव्हा बचतीचा हिशोब सरासरी दराने नव्हे, दुपारच्या दराने करायला हवा. परतफेडीचा काळ थोडा लांबलेला दिसेल, पण तो खरा असेल.

आता ज्या एका गोष्टीवरून सगळ्यांत जास्त भांडणं होतात, ती. उच्चदाब ग्राहकांना महावितरणचं बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच युनिटवर येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर खराब असेल तर त्याची किंमत युनिटमध्येच मोजावी लागते. समजा कारखान्याचा भार २०० किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.९ आहे. मशिनांना सुमारे ९७ किलोव्हार रिअॅक्टिव्ह वीज लागते. संच १५० किलोवॅट देऊ लागला की महावितरणकडून फक्त ५० किलोवॅट घेतले जातात, पण ९७ किलोव्हार तेवढेच राहतात, कारण सौर इन्व्हर्टर सहसा नुसती अॅक्टिव्ह वीज देतो. मीटरवरचा पॉवर फॅक्टर ०.९ वरून ०.४६ वर घसरतो. मालकांनी मनात धरलेलं असतं की आधीच्या २२२ केव्हीएमधून (२०० भागिले ०.९) १५० वजा होऊन ७२ राहतील. मीटरवर मात्र १०९ दिसतात. मग ते म्हणतात सोलरवाल्याने फसवलं.

यावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही. कॅपॅसिटरचं स्वयंचलित पॅनेल ज्या सीटीवरून (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) भार वाचतं, ती सीटी योग्य जागी, म्हणजे महावितरणकडून येणाऱ्या मुख्य तारेवर असावी. कॅपॅसिटर जुने, फुगलेले असतील तर बदलावेत, लागतील तसे वाढवावेत. इन्व्हर्टरमध्येही रिअॅक्टिव्ह वीज देण्याची सोय असते, ती सेट करून घ्यावी. कारखान्याच्या वायरमनला बोलावून हे सगळं संच सुरू होण्याआधी करायचं असतं. वायरमनशी नीट बोललं, त्याच्या अनुभवाला मान दिला, तर पुढची कितीतरी वर्षं तोच त्या संचाची देखभाल करतो.

५. वीज गेली की सौर संचही थांबतो, हे सही करण्याआधी सांगा

दुपारचं कडक ऊन, वीज गेलेली, आणि संच बंद. ग्राहकाला हे पटत नाही. पण खांबावर चढलेल्या लाइनमनच्या अंगात आपल्या छपरावरची वीज जाऊ नये म्हणूनच इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. हा दोष नाही, ती सुरक्षा आहे.

जनरेटर असेल तर इन्व्हर्टर त्याच्या जोडीने चालवता येतो, मात्र मधे नियंत्रक हवाच. जनरेटरवर किमान तीस टक्के भार राहिला पाहिजे आणि उलटी वीज त्याच्यात कधीही जाता कामा नये, नाहीतर इंजिनाचं नुकसान होतं. रुग्णालयात हे आणखी बारकाईने पाहावं लागतं. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली तर कोणत्या क्रमाने काय चालू होईल, हे तिथल्या तंत्रज्ञाबरोबर बसून, प्रत्यक्ष मुख्य स्विच पाडून तपासावं.

६. तारा पावसाळ्यात बोलतात

जूनच्या मध्यावर सकाळी सात-आठला फोन सुरू होतात: इन्व्हर्टर चालू होत नाही, इन्सुलेशनचा दोष दाखवतो. दहा-अकराला तोच इन्व्हर्टर आपोआप चालू होतो. ग्राहक म्हणतो, झालं ठीक. ठीक झालेलं नसतं. कुठेतरी तारेचं आवरण पत्र्याच्या धारेवर घासलं आहे किंवा एखाद्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आहे. उन्हाने ते वाळलं, इतकंच. ती जागा त्याच आठवड्यात शोधायची, एकेक माळ सोडवून मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, तपासायची. इशारा बंद करून ठेवणं हा उपाय नाही, कारण हजार व्होल्टपर्यंतची डीसी वीज एकदा ठिणगी धरली की एसीसारखी सहज तुटत नाही. आग लागते ती अशाच जागी.

म्हणून तारा पत्र्यावर पसरू द्यायच्या नाहीत, पॅनेलच्या चौकटीला किंवा ट्रेमध्ये वर उचलून बांधायच्या. प्लॅस्टिकच्या साध्या पट्ट्या उन्हाने दोन-तीन वर्षांत तुटतात. एमसी-४ कनेक्टरची दोन्ही टोकं एकाच कंपनीची हवीत. दिसायला जुळणारी पण वेगवेगळ्या कंपन्यांची टोकं आत नीट बसत नाहीत आणि तापतात. क्रिम्पिंग पक्कडीने नव्हे, त्यासाठीच्या खास हत्याराने करावं.

एक गोष्ट नाशिककडची. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज वाढतो. निफाडला पहाटे पारा पाच अंशांवर येतो तेव्हा २५ अंशांच्या हिशोबाने हजार व्होल्टची केलेली माळ साडेदहाशेपर्यंत जाते. इन्व्हर्टर किती व्होल्ट झेलतो ते पाहून माळेत पॅनेलं धरावीत, आणि द्राक्षाच्या पॅकहाउसवर काम असेल तर डिसेंबरची पहाट डोळ्यांसमोर ठेवूनच.

७. पहिलं पॅनेल चढण्याआधी लाइफलाइन

शेडमध्ये उजेड यावा म्हणून मधेमधे फायबरचा पारदर्शक पत्रा टाकलेला असतो. धूळ बसून तो इतर पत्र्यांसारखाच दिसू लागतो. त्याच्यावर पाय पडला की माणूस सरळ खाली, पंचवीस-तीस फुटांवर, काँक्रीटवर किंवा मशिनवर. या कामात माणसं मरतात ती बहुधा विजेने नाही, अशी पडून. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि याच्यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही.

प्रत्येक फायबर पत्र्यावर आधी जाळी किंवा फळ्या टाकायच्या. स्क्रूची ओळ जिथे दिसते तिथे पत्र्याखाली आधाराची पट्टी असते, चालायचं ते तिच्यावरूनच. लाइफलाइन, म्हणजे स्टीलची दोरी, दोन्ही टोकांना सांगाड्याला बांधून, मगच हुक लावून पुढे जायचं. पट्टा घातला आहे पण हुक मोकळा लोंबतो आहे, असं दिसलं की काम थांबतं. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, "ताई, यानं काम हळू होतं." होतं हळू. त्यासाठी प्रस्तावात दिवस जास्त धरावेत.

एप्रिल-मेमध्ये अकरानंतर पत्र्यावर हात टेकवत नाही. सकाळी सहाला सुरू करून अकराला उतरायचं आणि चारनंतर पुन्हा चढायचं. पाणी आणि सरबत वर पोचलं पाहिजे, खाली ठेवून उपयोग नाही. वारा सुटला की पॅनेल उचलायचं नाही. अडीच चौरस मीटरचं ते पॅनेल शिडासारखं माणसाला ओढून नेतं. ओल्या पत्र्यावर कुणी चढायचं नाही.

यात सगळ्यांत मोठा शत्रू मार्च महिना. सौर संचावर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. मग निदान निम्मा तरी या वर्षात पडावा म्हणून ३१ मार्चच्या आत संच सुरू करा असा आग्रह होतो आणि रात्री हॅलोजन लावून छपरावर कामं चालतात. मी मालकांना आणि त्यांच्या सीएंना सांगते, की पूर्ण घसारा हवा असेल तर संच ऑक्टोबरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत चालू व्हायला हवा. म्हणजे निर्णय जानेवारी-फेब्रुवारीत घ्या, मार्च ते मेमध्ये छपरावरचं काम उरकू, आणि मंजुऱ्या व मीटरच्या कागदांना पावसाळाभर वेळ मिळेल.

८. धुण्याची सोय नकाशात काढा

धूळ सगळीकडे सारखी नसते. कोल्हापूरच्या फाउंड्रीजवळ लोखंडाचे बारीक कण पॅनेलवर बसून गंजतात, मग ते घासूनही निघत नाहीत. साखर कारखान्याच्या आसपास गळीत हंगामात चिपाडाची काजळी असते. शहरात पारवे. पॅनेलखाली घरटी झाली की विष्ठेचे डाग तर पडतातच, गवत-काड्यांनी वाराही अडतो. सुरुवातीलाच कडेने जाळी लावावी.

बोअरचं जड पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात, म्हणून शक्यतो मऊ पाणी वापरावं. धुवायचं पहाटे, तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काचेला तडा जाऊ शकतो. आणि ओळींमध्ये चालायला वाट, वर नळ, नळापर्यंत पाइप हे पहिल्या नकाशातच असावं. जिथे पोचता येत नाही तिथे कुणी धूत नाही.

९. छप्पर कुणाचं ते कागदावर पाहा

भाड्याच्या गाळ्यावर मूळ मालकाच्या लेखी संमतीशिवाय काही बसवू नये. औद्योगिक वसाहतीतल्या बहुमजली इमारतीत छप्पर सगळ्या गाळेधारकांचं असतं; सभेचा ठराव हवा. भाडेकरार पाच वर्षांचा आणि संच पंचवीस वर्षांचा असेल तर जाताना संचाचं काय, हे आधी ठरवावं.

१०. संचाबरोबर फाइल आणि जास्तीची पॅनेलं द्या

आमच्यासारख्या छोट्या कंपन्या पंचवीस वर्षं असतीलच असं नाही, म्हणून मालकांकडे सगळं लेखी असलं पाहिजे. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक छपरावरच्या जागेसह, माळांचा नकाशा, अर्थिंगची मोजमापं, विद्युत निरीक्षकांचं पत्र, नेट मीटरिंगचा करार, केंद्राच्या मान्यताप्राप्त यादीत मॉडेल असल्याचा कागद आणि हमीपत्रं मालकांच्या नावाने. ऑनलाइन देखरेखीचं खातंही त्यांच्याच नावाने उघडावं. ऑफिसात कुणी वाय-फायचा पासवर्ड बदलला की इन्व्हर्टरची माहिती येणं थांबतं आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठी इन्व्हर्टरला वेगळं सिम कार्ड दिलेलं बरं.

पॅनेलांची मॉडेलं दोन-तीन वर्षांत बदलतात. दहा वर्षांनी एखादं फुटलं तर त्याच मापाचं, त्याच करंटचं पॅनेल बाजारात मिळत नाही आणि एका वेगळ्या पॅनेलपायी अख्खी माळ मागे पडते. म्हणून शंभर किलोवॅटमागे दोन-तीन जास्तीची पॅनेलं पहिल्याच खरेदीत घ्यायला लावते. ती आडवी एकावर एक न रचता, उभी, मूळ खोक्यातल्या कोपऱ्यांच्या आधारांसह, कोरड्या जागी ठेवावीत आणि त्यांचे अनुक्रमांकही फाइलमध्ये लिहावेत.